न हललेला दिवा

१

साप्ताहिक टेबलावर उघडं पडलं होतं, आणि साप्ताहिकात गाडी उघडी पडली होती.

बाजारात यायला अजून सात महिने असलेली गाडी. चाचणीच्या ट्रॅकवर ती निघाली की तिच्या अंगावर काळ्यापांढऱ्या वेड्यावाकड्या पट्ट्यांचं आवरण असायचं. ती कुठे फुगते नि कुठे निमुळती होते, हे कुंपणाबाहेरच्या माणसाला कळू नये म्हणून. अकरा दिवसांपूर्वी, एका गुरुवारी रात्री, ते आवरण पहिल्यांदा काढलं गेलं. वाऱ्याचा आवाज मोजायचा होता, आणि तो आवरणासकट मोजून काही उपयोग नसतो. तीन फेऱ्या झाल्या, आवरण परत चढलं. सगळं मिळून अर्धा तास. आणि आज सोमवारी सकाळी तीच गाडी पानभर पसरली होती. चंदेरी, लखलखीत, एकेक रेघ मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. तिच्यामागे ट्रॅकचे दिवे कोणीतरी बोटाने फासल्यासारखे लांब झाले होते.

"किती वेगात असेल?" ट्रॅकच्या साहेबांनी विचारलं.

"एकशे दहा," फोटोवाला म्हणाला.

"आणि रात्रीच्या वेळी एकशे दहाने जाणाऱ्या गाडीचा असा फोटो कोण काढू शकतं?"

फोटोवाल्याने पानाकडे पाहिलं. गेली बारा वर्षं तो कंपनीसाठी हेच करत होता. धावत्या गाडीबरोबर कॅमेरा तिच्याच वेगाने फिरवत न्यायचा, मध्येच बटण दाबायचं आणि दाबल्यावरही हात थांबू द्यायचा नाही. मग गाडी जागच्या जागी खिळल्यासारखी येते आणि बाकीचं जग फरफटत जातं. याला ही मंडळी पॅनिंग म्हणतात. दिवसा शंभरांत दहा फोटो साधतात, रात्री दोन.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्याची थोरली बहीण बसली होती. गप्प बस, ती मनात म्हणाली.

"या ट्रॅकवर?" तो म्हणाला. "माझ्याशिवाय कोणी नाही."

साहेबांनी त्याचा प्रवेशपास टेबलावरून स्वतःकडे ओढला. "ही कबुली समजू का?"

"कबुली कसली, साहेब? विचारलंत म्हणून खरं ते सांगितलं."

"त्या रात्री आत कॅमेरा एकच होता. तुझा. तुझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड सील झालं आणि त्यात हा फोटो नाही, मान्य. पण दुसरं कार्ड शर्टाच्या खिशात मावतं." साहेब चिडलेले नव्हते, आणि तेच वाईट होतं. "आज सहा वाजता बाकीच्या तिन्ही ट्रॅकना पत्र जाईल. या माणसाला आत घेऊ नये, एवढंच."

असे ट्रॅक एकंदर चारच होते. फोटोवाल्याला दुसरं काही येत नव्हतं आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

"साहेब, सहापर्यंत मला वेळ द्या," बहीण म्हणाली.

तिला सगळे मोजणीबाई म्हणत. जमिनी मोजणं हा तिचा धंदा. या ट्रॅकचा पहिला नकाशा तिचाच, आणि या आठवड्यात वळणाचा उतार पुन्हा मोजायला ती तिपाई घेऊन आली होती.

"बाई, तुम्ही त्याच्या बहीण आहात."

"म्हणून तर घाई आहे. माप मात्र मी कोणाची बहीण म्हणून घेत नाही."

साहेबांनी क्षणभर विचार केला. दोन वर्षांपूर्वी वळण चार बोटं चुकलंय असं बाई म्हणाल्या होत्या आणि सगळे हसले होते. पुढच्याच महिन्यात तिथे गाडी घसरली.

"सहा," साहेब म्हणाले. "सहा म्हणजे सहा."

२

गेटवरच्या पहारेकऱ्याची वही चोख होती. त्या गुरुवारी आत गेलेल्या माणसांचे फोन एकोणीस, सगळे पेटीत, पेटीला कुलूप. कॅमेरे: एक.

"सगळ्यांचे खिसे पाहिलेत?" मोजणीबाईंनी विचारलं.

"बाई, मी माझ्या सख्ख्या जावयाचा फोन काढून घेतला. तो अजून माझ्याशी बोलत नाही."

"आणि यंत्रं?"

"ती मोजमाप विभागाची. पेट्याच्या पेट्या जातात. त्यांची वही त्यांच्याकडे. आपण फोन आणि कॅमेरे."

चाचणीगाडी चालवणारा उस्ताद गॅरेजच्या पायरीवर हातमोजे वाळत घालत होता. त्याने बाईंना बसायला उपडी बादली दिली.

"तुमचा भाऊ नेहमीच्या जागी होता. वळणाच्या आतल्या बाजूला, बगळ्यासारखा एका पायावर. मी त्याला तिन्ही वेळा पाहिलं."

"तुमच्या आसपास आणखी कोण होतं?"

"आसपास म्हणजे साथगाडी. माझ्या आतल्या अंगाला, मध्ये एक गाडी मावेल एवढं अंतर ठेवून, माझ्याच वेगाने. मोजणी करायची तर ती लागतेच. चालवायला आमचाच एक जण. त्याच्या शेजारी ती इंजिनिअर पोरगी, मांडीवर तिची यंत्रं. मागे अण्णा."

"अण्णा कशाला?"

"हट्टच धरला म्हाताऱ्याने. म्हणाले, मी काढलेली गाडी आहे, एकदा पांघरुणाशिवाय पळताना बघू द्या." उस्ताद हसला. "तिसऱ्या फेरीला ती पोरगी उठून माझ्या शेजारी येऊन बसली. दारात कुठेतरी बारीक शिट्टी वाजत होती, ती तिला कानाने ऐकायची होती. मला म्हणते, आता अवाक्षर काढू नका. तेवीस वर्षांत ट्रॅकवर माझ्याशी असं कोणी बोललं नव्हतं. घरी रोज ऐकतो, ते वेगळं."

अण्णा हे कंपनीचे सगळ्यात जुने आरेखक. त्यांच्या खोलीत नमुन्यासाठी घडवलेली मातीची गाडी उभी होती, खऱ्या गाडीएवढी; आणि अण्णा एप्रन घालून, हातात पातं घेऊन तिच्या मागच्या बाजूला वाकले होते. साप्ताहिक खिडकीत उभं करून ठेवलं होतं.

"फोटो सुरेख आहे," ते आपणहून म्हणाले. "छपरावरून निघालेली रेघ शेपटीपर्यंत कशी एका श्वासात गेलीय, बघा. कागदावर ती कोणाला दिसतच नव्हती."

बाईंनी मातीच्या गाडीकडे पाहिलं. तिची शेपूट आखूड होती. "ही वेगळी दिसतेय."

"समितीला शेपूट लांब आणि फार उतरती वाटली. सामानाला जागा कमी पडते म्हणे." अण्णांनी पातं कापडाला पुसलं. "फोटोतली गाडी आता होणार नाही. तिच्या तीन फेऱ्या झाल्या तेवढ्याच."

"त्या रात्री तुम्ही साथगाडीत होतात?"

"होतो. मागच्या सीटवर. डोळे भरून बघितली." मग ते म्हणाले, "तुमचा भाऊ चांगला मुलगा आहे. त्याला काही होता कामा नये."

बाहेर व्हरांड्यात येऊन बाईंनी पिशवीतून भिंग आणि पट्टी काढली. माणसांचं बोलून झालं की कागदाशी बोलावं, अशी त्यांची रीत होती. फोटोत गाडीच्या लगेच मागे ट्रॅकच्या कडेचे दिवे होते: प्रत्येकाची रेघ तीस मिलिमीटर. त्यांच्या मागे गोदामाच्या भिंतीवरचे दिवे: रेघ तीन मिलिमीटर, जेमतेम तांदळाएवढी. आणि अगदी लांब, अंधारात, कारखान्याच्या धुराड्यावरचा लाल दिवा.

त्याची रेघ नव्हतीच. तो नुसता ठिपका होता, गोल आणि नेटका.

बाईंनी भिंग पुसून पुन्हा पाहिलं. तो ठिपका तसा असायला नको होता. पण का नको, हे काही केल्या त्यांना सांगता येईना.

३

भाऊ कॅन्टीनमध्ये बसून होता आणि जेवायला तयार नव्हता. म्हणून बाई एकट्याच त्याच्या घरी गेल्या. घर ट्रॅकपासून दहा मिनिटांवर. भावजयीने पान वाढलं आणि ती समोर बसली.

"सकाळपासून तीनदा फोन आला त्यांचा. दोनदा रडायच्या बेताला आले होते. तिसऱ्यांदा म्हणतात, पण फोटो मात्र काय आलाय! आता सांगा वन्सं, यांना काय म्हणायचं?"

"वेडा म्हणायचं."

भावजय हसली, मग हसू आवरून खालच्या आवाजात म्हणाली, "वन्सं, एक विचारू? रागावू नका. त्यांनीच तर नसेल ना काढला? दिला नसेल त्यांनी कोणाला. पण काढून ठेवला असेल, आणि मग कुठून तरी..."

बाईंचा घास हातातच राहिला. हाच प्रश्न सकाळपासून त्यांच्याही मनात होता. त्यांनी नजर वर उचलली. समोरच्या भिंतीवर भावाचा एक जुना फोटो टांगलेला होता: रात्रीची शर्यत, लाल गाडी, आणि मागे सगळीकडे उजेडाच्या आडव्या रेघा.

"हा केव्हाचा?"

"लग्नाआधीचा. मला दाखवायला आणला होता. मी म्हटलं, एवढी छान पौर्णिमा होती, तुम्ही तर चंद्राची पार काडी करून टाकलीत. महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी."

बाई उठल्या. उष्ट्या हाताने तशाच भिंतीपाशी गेल्या. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात खरंच चंद्र नव्हता. एक जाड, पांढरी, आडवी काडी होती. डाव्या हातात पट्टी धरून त्यांनी शर्यतीच्या दिव्यांच्या रेघा मोजल्या. बेचाळीस मिलिमीटर. मग चंद्र जितका पुढे सरकला होता ते अंतर मोजलं. बेचाळीस.

"बसने येताना चंद्र काय करतो?" त्यांनी एकदम विचारलं.

"वन्सं, बऱ्या आहात ना?"

"सांग तर."

"आपल्याबरोबर येतो."

"आणि रस्त्याकडेचे खांब?"

"ते पळतात."

"जवळचं जोरात पळतं, लांबचं हळू, आणि फार लांबचं जागचं हलत नाही. आता उभी राहा. माझ्याकडे बघ, आणि झटकन मान फिरवून खिडकीकडे बघ. काय काय पळालं?"

भावजयीने मान फिरवली, पुन्हा फिरवली. "सगळंच. कपाट, खिडकी, बाहेरचं झाड."

"सगळं, आणि सारखंच. पॅनिंग म्हणजे कॅमेऱ्याने मान फिरवणं. म्हणून त्याने इथे दिव्यांबरोबर चंद्रालासुद्धा ओढून नेलं." बाईंनी हात धुतले, आणि पिशवीतून साप्ताहिक काढून टेबलावर ठेवलं. "आणि हे बघ. ट्रॅकच्या कडेचे दिवे वीस मीटरवर, रेघ तीस. गोदाम दोनशे मीटरवर, म्हणजे दहापट लांब; रेघ तीन, म्हणजे दहापट आखूड. अंतरं माझीच आहेत, मी स्वतः मोजलेली. धुराडं तीन किलोमीटरवर. ते जागचं हललंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे या कॅमेऱ्याने मान फिरवलीच नाही. तो समोर बघत बसून होता, आणि गाडीच्या बरोबरीने पळत होता. एका जागी उभ्या असलेल्या माणसाने हा फोटो काढलेलाच नाही."

भावजय म्हणाली, "पण वन्सं, आत कॅमेरा तर एकच होता ना?"

४

"कॅमेरा?" मोजमाप विभागातली इंजिनिअर मुलगी म्हणाली. "छे हो. साथगाडीत कॅमेरा नसतो. फोन, कॅमेरे सगळे गेटवर. आमच्याकडे फक्त यंत्रं."

दुपारचे साडेतीन वाजले होते. बाई शांतपणे म्हणाल्या, "यंत्रांची यादी वाचून दाखवाल?"

मुलीने वही उघडली. "वाऱ्याच्या आवाजाचं. वेगाचं. कंपनांचं. चाकफट-नोंदक."

"हे शेवटचं काय?"

"चाक आणि त्याच्या वरचा पत्रा यांच्यातली फट धावताना किती कमीजास्त होते, ते बघायचं. साथगाडीच्या मागच्या खिडकीच्या कडेवर बसवतो. मी पुढे बसून वायरीच्या टोकाचं बटण दाबते आणि तो समोरच्या चाकाचा..."

ती थांबली.

"फोटो काढतो," बाईंनी वाक्य पुरं केलं.

मुलीचा चेहरा उतरला. "आम्ही त्याला कधी कॅमेरा म्हणतच नाही. गेली सहा वर्षं तो यंत्रांच्या वहीत आहे. पण त्यात फक्त चाक दिसतं, बाई. दोन्ही चाकं आणि खालचा रस्ता."

"वर कलवला तर?"

"हाताने कलतो. बोटभर कलवला तर सगळी गाडी दिसेल." तिने घाईघाईने वहीची पानं उलटली. "दर फेरीला नवं कार्ड घालतो. पहिल्या दोन फेऱ्यांचे फोटो आहेत, चाकांचेच. तिसऱ्या फेरीचं कार्ड कोरं निघालं. मी इथे लिहिलंय, यंत्र बिघडलं. त्यावरून मला बोलणीही बसली." तिने वर पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "यंत्र माझं, बटण माझं, कोरं कार्ड माझ्या सहीने. आता सगळे मलाच धरणार. मी नाही काढला हो, शपथ घेऊन सांगते!"

बाईंनी साप्ताहिक तिच्यापुढे सरकवलं आणि गाडीच्या काचेवर भिंग ठेवलं. "बघा. गाडीत डोकी किती आहेत?"

मुलीने वाकून पाहिलं. काचेमागे अंधार होता. पण अंधारात दोन अधिक काळे आकार होते. एक टोपी घातलेला. दुसऱ्याला मागे घट्ट अंबाडा.

तिचा हात नकळत स्वतःच्या केसांकडे गेला.

"पहिल्या दोन फेऱ्या उस्ताद एकटेच होते," बाई म्हणाल्या. "तिसऱ्या फेरीला तुम्ही त्यांच्या शेजारी बसलात. म्हणजे हा फोटो तिसऱ्या फेरीतला, आणि तो तुम्ही काढलेला नाही. तुम्ही फोटोत आहात."

मुलीने डोळे पुसले आणि तिचा चेहरा पुन्हा बदलला. या वेळी त्यात सुटकेपेक्षा दुःख जास्त होतं.

"गाडी बदलताना बटण तुम्ही कोणाच्या हातात दिलंत?" बाईंनी विचारलं. "चालकाचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते."

तिने खिडकीबाहेर, आवारापलीकडच्या खोलीकडे पाहिलं. तिथे मातीच्या गाडीवर दिवा लावलेला होता.

"ते म्हणाले, पोरी, माझ्याकडूनच नीट दाबलं गेलं नसेल," ती शेवटी म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला कशाला खाली बघायला लावायचं, म्हणून मी लिहिलं, यंत्र बिघडलं."

५

अण्णांनी एप्रन काढलेला नव्हता. पातं हातात होतं, पण सकाळपासून मातीवर नवी रेघ उमटली नव्हती.

बाईंनी दिव्यांच्या रेघा सांगितल्या, धुराड्याचा ठिपका सांगितला, दोन डोकी सांगितली. अण्णा विद्यार्थ्यासारखे लक्ष देऊन ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी मानही डोलावली, गणित आवडल्यासारखी.

"ठरवून नाही केलं," ते म्हणाले. "दुपारी या मातीचे फोटो काढले होते, त्यातलं एक कोरं कार्ड खिशात राहिलं होतं. पोरीने बटण हातात दिलं. मी बाहेर पाहिलं, तर ती अशी माझ्या शेजारून चालली होती, दिव्यांखालून. हात आपोआप त्या यंत्राकडे गेला." त्यांनी पातं खाली ठेवलं. "कार्ड बदललं ते मात्र आपोआप नाही. साप्ताहिकाला पाठवलं तेही नाही. चाळीस वर्षं गाड्या काढतोय, बाई. प्रत्येक वेळी समिती काहीतरी कापते आणि मी कापून देतो. ही एक तरी कापली जायच्या आधी लोकांनी बघावी असं वाटलं."

"आणि माझा भाऊ?"

"त्याचं कार्ड माझ्यादेखत सील झालं होतं. म्हटलं, त्याच्यावर बालंट येणारच नाही. त्या पोरीलाही थोडी बोलणी बसतील, तेवढंच." ते थांबले. "त्याच्यावर आलंय ते आज सकाळी कळलं."

"सकाळी मी इथेच उभी होते, अण्णा. याच जागी. तेव्हा सांगता आलं असतं."

"आलं असतं," अण्णा म्हणाले.

बाईंना राग आला होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटली नाही. "पाच वाजून वीस मिनिटं झालीत. मी जाऊन सांगू शकते. माझ्याजवळ मापं आहेत, ती पुरतील. पण पुराव्याने सुटलेल्या माणसाकडे लोक पुढे कित्येक वर्षं तिरक्या नजरेने बघतात. तुमच्या तोंडून आलं, तर तो आजच मोकळा होईल."

अण्णांनी एप्रन काढला, घडी केली, मातीच्या गाडीच्या छपरावर ठेवला. "मला एकट्याला जाऊ द्या."

बाईंनी जाऊ दिलं. आणि व्हरांड्यातून पाहिलं तर अण्णा साहेबांच्या ऑफिसचा जिना न चढता, खालच्या दाराने बाहेर पडून आवारात निघून गेले होते.

६

साहेबांच्या दारासमोरच्या बाकावर फोटोवाला बसला होता. बाई त्याच्या शेजारी बसल्या. भिंतीवरच्या घड्याळात पाच चाळीस झाले, मग पाच पन्नास.

"ताई, कळलं का काही?"

"कळलं."

"मग आत जाऊया ना!"

"पाच मिनिटं थांब."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मापाऐवजी माणसावर भरवसा टाकला होता. पाच पंचावन्नला त्या उठल्या. दारावर टकटक करायला हात उचलला, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अण्णा होते, आणि त्यांच्या मागे डोळे लाल झालेली इंजिनिअर मुलगी.

"उशीर झाला," अण्णा धापा टाकत म्हणाले. "आधी हिची माफी मागायची होती. हिने माझ्यासाठी खोटं लिहिलं होतं." त्यांनी फोटोवाल्याकडे पाहिलं आणि ते दार ढकलून आत गेले.

आतलं सगळं पाऊण तासात आटपलं. साहेब ओरडले नाहीत. अण्णांचा पास त्यांनी स्वतःच्या हाताने काढून घेतला. इंजिनिअर मुलीला वहीतली नोंद दुरुस्त करायला लावली. शेवटी फोटोवाल्यापुढे एक कागद आला, वरिष्ठांकडे पाठवायचा. बाईंनी सांगितलेला हिशोब त्यात सोप्या भाषेत उतरवला होता, आणि खाली फोटोवाल्याची सही हवी होती.

त्याने कागद वाचला. पुन्हा वाचला. पेन उचललं, ठेवलं.

"ताई, इथे लिहिलंय, सदर छायाचित्र काढण्यास कोणतेही कौशल्य लागत नाही."

"नाहीच लागत. दोन्ही गाड्या बरोबरीने पळत होत्या. अण्णांनी नुसतं बटण दाबलं."

"पण सकाळपासून मी सगळ्यांना सांगतोय की असा फोटो काढणारा माणूस..." तो थांबला. त्याचे कान लाल झाले. "मीच फसलो म्हणजे. बारा वर्षं झाली, आणि हे पॅनिंग नाही एवढंही मला ओळखता आलं नाही."

"तुला गाडी दिसली. मागचे दिवे तू पाहिलेच नाहीस."

"निदान 'विशेष कौशल्य' असं तरी करा," तो साहेबांना म्हणाला.

"सही कर," साहेब, बाई आणि अण्णा एकदमच म्हणाले.

त्याने सही केली. साहेबांनी पास त्याच्याकडे सरकवला. त्याने तो लगेच गळ्यात घातला.

बाहेर अंधारून आलं होतं. बाईंनी गाडीत बसून इंजिन सुरू केलं. घरी भावजय वाट बघत होती, तिला फोन करून झालं होतं. भाऊ मात्र गेटपाशीच रेंगाळला. पहारेकऱ्याने अण्णांची पिशवी तपासून परत दिली होती आणि अण्णा कुंपणाबाहेर उभे होते.

"तुझ्याकडेही त्या रात्रीचे फोटो असतील ना?" अण्णांनी विचारलेलं बाईंना काचेतून ऐकू आलं. "खरे. हाताने काढलेले."

"आहेत. तिजोरीत, सीलबंद."

"शेपटीची रेघ कशी आलीय?"

"तुमच्या फोटोपेक्षा बरी," फोटोवाला म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण खोटेपणा नव्हता. "तुमच्यात गाडी उभी असल्यासारखी वाटते. माझ्यात ती निघालीय."

"एकदा दाखवशील? सगळं शांत झाल्यावर?"

"नाही."

अण्णांनी मान हलवली. "बरोबर आहे. मी विचारायलाच नको होतं."

ते वळले. चार पावलं गेले असतील. फोटोवाला गेटच्या आतच उभा होता. त्याने एकदा बहिणीच्या गाडीकडे पाहिलं, एकदा त्या पाठमोऱ्या माणसाकडे.

"अण्णा, दाखवता येणार नाही," तो मोठ्याने म्हणाला. "तसा करार आहे. पण रेघ तुमचीच आहे. ती तुम्हाला नुसती तोंडाने सांगितली तर करार कुठे मोडतो?"

म्हातारा परत आला. गेटच्या गजांच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला फोटोवाला. फोटोवाल्याने दोन्ही हात वर उचलले, हवेत छपराचा उतार धरला, आणि सावकाश, घाई न करता, तो मागे न्यायला सुरुवात केली. अण्णांची नजर त्याच्या बोटांबरोबर सरकत होती.

मोजणीबाईंनी गाडीचं इंजिन बंद केलं.